नवी प्रजाती सापडली, आता शोधनिबंध कसा छापायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरत आला की मला फोन यायला लागतात. सड्यावर (कातळाच्या पठारावर), घाटातल्या ओढ्याकाठी किंवा देवराईत कुणाला तरी वेगळी पाल, खेकडा नाहीतर गोगलगाय दिसलेली असते. एमएस्सी किंवा पीएचडी करणारं कुणीतरी विचारत असतं, "मॅडम, ही नवी आहे का? असेल तर बाहेरच्या जर्नलमध्ये छापून येईल का?" त्याच प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. माझं काम प्राण्यांच्या वर्गीकरणातलं, म्हणून उदाहरणंही तिथलीच आहेत. पण यातलं बरंचसं जीवशास्त्राच्या कुठल्याही शाखेतल्या मुलांना उपयोगी पडेल.

मला सापडलेली पाल नवी आहे हे कसं ठरवायचं?

"वेगळी दिसते" एवढ्यावर काहीच ठरत नाही. एकाच प्रजातीतली पिल्लं, माद्या आणि नर वेगळे दिसतात. शेपटी तुटून पुन्हा आलेली असली की खवल्यांची रचना बदलते. काही पालींचा रंग रात्री फिका पडतो आणि दिवसा गडद होतो.

आधी त्या जीनसमधल्या, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटातल्या, आजवर माहीत असलेल्या प्रजातींची यादी करा आणि प्रत्येकीचं मूळ वर्णन मिळवा. यातली बरीच वर्णनं एकोणिसाव्या शतकातली आहेत. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर ती जुनी पुस्तकं आणि नियतकालिकं फुकट वाचायला मिळतात. जी नावं नंतर कुणीतरी "हे त्याच प्रजातीचं दुसरं नाव" म्हणून बाजूला टाकली, तीही तपासा. तुमची पाल त्यातल्याच एखाद्या विसरलेल्या नावाची असू शकते, आणि तसं निघालं तर नवं नाव द्यायचं नसतं, जुनं नाव पुन्हा वापरात आणायचं असतं. मूळ नमुने कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (बीएनएचएस) किंवा लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये असतात. तिथल्या क्युरेटरना व्यवस्थित पत्र लिहिलं, नमुन्याचा क्रमांक दिला आणि नेमके कुठले फोटो हवेत ते सांगितलं, तर उत्तर येतं. वेळ लागतो, पण येतं.

मग मोजमापं. एका पालीची नव्हे, मिळतील तेवढ्या पालींची. डोक्याची लांबी, बोटांखालच्या पट्ट्या, पाठीवरच्या गाठींच्या ओळी, नरांच्या मांडीवरची छिद्रं, सगळं सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. त्याला डीएनएची जोड द्यायची. पालींसाठी १६एस आणि एनडी२ ही जनुकं नेहमी वापरली जातात, बारकोडिंगसाठी, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून प्रजाती ओळखण्यासाठी, सीओआय. पण फक्त "इतके टक्के फरक आहे" म्हणून नवी प्रजाती जाहीर करू नका. शरीररचना, डीएनए आणि प्रदेश या तिन्हींचा कौल एका बाजूला पडायला हवा.

ही आधीच माहीत असलेली प्रजाती आहे, हे सिद्ध करायचा जिवापाड प्रयत्न करा. तो फसला, तर लिहायला बसा.

नमुना गोळा करावाच लागतो का? चांगले फोटो पुरत नाहीत का?

प्राण्यांची शास्त्रीय नावं आंतरराष्ट्रीय प्राणी नामकरण संहितेनुसार ठरतात. तिची सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नव्या प्रजातीसाठी होलोटाइप, म्हणजे ज्याच्याशी ते नाव कायमचं बांधलं जातं तो एक विशिष्ट नमुना, स्पष्ट सांगावा लागतो. तो नमुना कुठल्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाईल हेही लिहावं लागतं. केवळ फोटोंवरून केलेली वर्णनं अजून वादाची आहेत, आणि बहुतेक संपादक ती घेत नाहीत. पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली, तर त्याला बरणी उघडून पुन्हा मोजता आलं पाहिजे.

हात लावण्याआधी परवानगी घ्या. महाराष्ट्रात वनक्षेत्रात किंवा संरक्षित प्राण्यांवर काम करायचं असेल, तर वनविभागाची लेखी परवानगी लागते. वन्यजीव विभागाचं मुख्यालय नागपूरला आहे. अर्ज पावसाळ्याच्या बऱ्याच महिने आधी करा. परवानगीचा क्रमांक शोधनिबंधात छापावा लागतो आणि तो नसेल तर चांगलं जर्नल लेख तिथेच थांबवतं. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती सरकारने ठरवून दिलेल्या संग्रहालयाला कळवणं आणि नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. कपाटातल्या बरणीत ठेवलेला होलोटाइप चालत नाही.

एक छोटी गोष्ट. बरणीतलं लेबल पेन्सिलीने किंवा टिकाऊ काळ्या शाईने लिहा. माझ्या पहिल्या हंगामात मी बॉलपेनने लिहिलं. चार आठवड्यांत ७० टक्के अल्कोहोलमध्ये शाई विरघळली आणि सहा बरण्यांत सहा कोरे निळसर कागद उरले. ते सहा नमुने कुठल्या सड्यावरचे हे मला आजही सांगता येत नाही, म्हणून ते कुठल्याच लेखात गेले नाहीत. आणि डीएनएसाठी लागणारा ऊतीचा तुकडा नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा. फॉर्मॅलिनमुळे डीएनएचे तुकडे पडतात.

जर्नल कुठलं निवडायचं?

तुमच्या लेखात ज्यांचे संदर्भ सगळ्यात जास्त आले आहेत, ते लेख कुठे छापले गेलेत ते बघा. तुमचा वाचक तिथेच आहे. वर्गीकरणात न्यूझीलंडहून २००१ पासून निघणारं 'झूटॅक्सा' आणि बल्गेरियाच्या प्रकाशकाचं २००८ पासूनचं 'झूकीज' ही दोन मोठी नावं. पण तीच दोन आहेत असं नाही. आंबोलीचा तो प्रसिद्ध पट्टेरी भेक, झँथोफ्राइन टायगेरिना, २००९ साली 'बीएमसी रिसर्च नोट्स'मध्ये जगासमोर आला. आंबोलीच्याच हिरण्यकेशीच्या कुंडातला मासा, शिस्टुरा हिरण्यकेशी, २०२० साली 'अ‍ॅक्वा' या मत्स्यशास्त्राच्या जर्नलमध्ये आला. त्यानंतर २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. नावाने फार मोठं नसलेल्या जर्नलमधला नेमका लेख गावाजवळच्या पाण्याला संरक्षण मिळवून देऊ शकतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

इम्पॅक्ट फॅक्टर किती असावा?

हा प्रश्न मुलं विचारतात कारण त्यांना मुलाखतीत तो विचारला जातो. मागच्या दोन वर्षांत जर्नलने छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती वेळा उद्धृत केलं गेलं, एवढंच तो सांगतो. तुमच्या लेखाबद्दल तो काहीच सांगत नाही. वर्गीकरणातल्या लेखाला संदर्भ मिळायला वीस वर्षंही लागतात, पण दोनशे वर्षांनीही तो उघडावा लागतो. २०२० साली जर्नलमधल्याच लेखांचे संदर्भ फार येतात म्हणून 'झूटॅक्सा'ला इम्पॅक्ट फॅक्टरच्या यादीतून काढलं होतं. जगभरच्या वर्गीकरणतज्ज्ञांनी आवाज उठवला आणि त्याच वर्षी 'झूटॅक्सा' पुन्हा यादीत आलं. जगातल्या नव्या प्राण्यांची एवढी वर्णनं एकाच ठिकाणी येत असतील, तर संदर्भही तिथलेच असणार.

"आपला मौल्यवान लेख पाठवा, सात दिवसांत छापू" असे ईमेल रोज येतात. पाठवू का?

नाही. यावर मी जरा कडक बोलते, कारण चांगलं काम असं वाया गेलेलं मी पाहिलं आहे. सात दिवसांत प्रामाणिक तपासणी होत नाही. संपादक मंडळातल्या दोघा-तिघांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर थेट विचारा, की तुम्ही खरंच या जर्नलवर आहात का. पुष्कळदा त्यांना पत्ताच नसतो. मागच्या दोन अंकांतले तुमच्या विषयातले लेख वाचा. डीओएजे या मुक्त, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या, जर्नलांच्या सूचीत नाव आहे का पाहा. खऱ्या जर्नलच्या नावाने उघडलेली बनावट संकेतस्थळंही असतात, म्हणून ईमेलमधल्या लिंकवर जाऊ नका, पत्ता स्वतः शोधा.

"यादीत नाव होतं" हाही पुरावा नव्हे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) त्या वेळची मान्य जर्नलांची यादी तपासली आणि त्यांचा लेख २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये आला. विद्यापीठांनी सुचवलेल्या ज्या जर्नलांची तपासणी झाली, त्यांतली ८८ टक्क्यांहून जास्त दर्जात बसत नव्हती. पुढे 'यूजीसी-केअर' यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केली. आता पारख आपल्यालाच करायची आहे.

बनावट जर्नलमध्ये लेख गेला की तो पुन्हा दुसरीकडे छापता येत नाही. नव्या प्रजातीच्या बाबतीत तर नुकसान कायमचं. संहितेच्या अटी कशाबशा पूर्ण झाल्या असतील, तर तपासणी न झालेल्या त्या लेखातलं नावच पुढे सगळ्यांना वापरावं लागतं.

पैसे भरावे लागतात का?

सदस्यत्वावर चालणाऱ्या अनेक जर्नलांत लेखकाला काही द्यावं लागत नाही, लेख मात्र वर्गणी भरणाऱ्यालाच वाचता येतो. मुक्त जर्नलांत लेखकाकडून प्रक्रिया शुल्क घेतलं जातं. 'नेचर'ने मुक्त लेखाचं शुल्क जाहीर केलं तेव्हा ते ९,५०० युरो होतं. बहुतेक जर्नलं त्याहून पुष्कळ खाली आहेत, तरी ग्रामीण महाविद्यालयाला न परवडणारी. पूर्ण माफी बहुधा ठरावीक गरीब देशांच्या लेखकांना असते आणि भारत त्यात सहसा बसत नाही. पण सवलत मागता येते. ती लेख पाठवतानाच मागा, स्वीकारल्यानंतर नव्हे. काही मुक्त जर्नलं लेखकाकडूनही काही घेत नाहीत, त्यांचा खर्च संस्था उचलते. आधी ती शोधा. आणि तपासणी सुरू होण्याआधीच पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा.

लेखक म्हणून कुणाची नावं घालायची? वरिष्ठांचं नाव घालावंच लागतं का?

ज्यांनी कामाची आखणी केली, नमुने गोळा केले, मोजले किंवा निष्कर्ष काढले, लेखनात भाग घेतला, शेवटचा मसुदा वाचून मान्य केला आणि लेखातल्या प्रत्येक आकड्याला जे उत्तर देऊ शकतात, ते लेखक. खोलीची किल्ली दिली, सही केली, एवढ्यावरून कुणी लेखक होत नाही. जीवशास्त्रात पहिलं नाव सगळ्यात जास्त काम करणाऱ्याचं आणि शेवटचं बहुधा मार्गदर्शकाचं, असा रिवाज आहे. काम सुरू करतानाच नावांचा क्रम कागदावर लिहून सगळ्यांना दाखवा. शेवटी बोलायला गेलात तर भांडण ठरलेलं.

आणि ज्या गावकऱ्याने रात्री बॅटरी घेऊन तुम्हाला त्या कातळापर्यंत नेलं, त्याचं नाव आभारात पूर्ण लिहा. "स्थानिक मदतनीस" असं नको. त्याने प्राण्याच्या सवयी वर्षानुवर्षं पाहून तुम्हाला सांगितल्या असतील आणि त्या लेखात आल्या असतील, तर तो लेखकही होऊ शकतो. मी असं केलं आहे आणि संपादकाने एक शब्दही विचारला नाही.

माझं इंग्रजी कच्चं आहे. लेख परत येईल का?

इंग्रजी साधं आहे म्हणून सहसा परत येत नाही, काय केलं ते कळत नाही म्हणून येतो. आधी मराठीत एका मैत्रिणीला तोंडी सांगून बघा. जिथे ती "म्हणजे काय?" विचारेल, तिथे विचारच अजून पक्का नाही. लिहायला तक्त्यांपासून आणि आकृत्यांपासून सुरुवात करा, मग पद्धती, मग निष्कर्ष, प्रस्तावना सगळ्यात शेवटी. वाक्यं लहान ठेवा. प्रजातीच्या वर्णनात तर क्रियापदंही थोडीच लागतात, अवयवांची नावं आणि संख्याच जास्त.

एआयकडून भाषा सुधारून घेतली तर तसं लेखात नमूद करा. बहुतेक जर्नलं ते मागतात, आणि एआयला लेखक म्हणून कुणी मान्यता देत नाही. त्याने दिलेला एकही संदर्भ स्वतः उघडून वाचल्याशिवाय ठेवू नका. चोरीबाबत बोलायचं तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, पण दुसऱ्याचं एक वाक्य जसंच्या तसं उचललं तरी ती चोरीच.

प्रजातीचं नाव कसं ठेवायचं?

जागेवरून, लक्षणावरून किंवा माणसाच्या नावावरून. जागेवरून असेल तर बहुधा "-एन्सिस" लागतं, पुरुषाच्या नावाला "-आय", स्त्रीच्या नावाला "-ए", अनेक जणांसाठी "-ओरम". विशेषण असेल तर ते जीनसच्या लॅटिन लिंगाप्रमाणे बदलतं. स्वतःचं नाव देऊ नका. संहिता थेट मनाई करत नाही, पण कुणाला ते आवडत नाही. जर्नल फक्त ऑनलाइन निघत असेल, तर छापण्याआधी लेखाची झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी हवी आणि तो नोंदणी क्रमांक लेखात दिसायला हवा. २०१२ पासून ही अट आहे. ती चुकली तर लेख छापूनही नाव वैध होत नाही, त्यामुळे प्रूफ आलं की सगळ्यात आधी हा क्रमांक बघा. वनस्पतींचे नियम वेगळे आहेत. तिथे २०१२ पासून लॅटिन वर्णनाची सक्ती उठली आणि इंग्रजीही चालतं.

सापडल्याचं नेमकं ठिकाण छापायचं का?

दक्षिण चीनमधल्या एका गुहावासी पालीचं वर्णन १९९९ साली छापून आलं. पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी लेखातलं ठिकाण वाचून तिथून पाली उचलल्या, आणि मूळ जागेवर ती जवळजवळ संपली. आपल्याकडेही सुंदर पाली, खेकडे, विंचू विकले जातात. म्हणून देखण्या, थोड्या जागेत राहणाऱ्या प्राण्यांसाठी अक्षांश-रेखांश ढोबळ द्या, गावाचं किंवा तालुक्याचं नाव लिहा आणि अचूक नोंद संग्रहालयात व वनविभागाकडे ठेवा. का लपवलं ते लेखात एका वाक्यात सांगा. संपादक समजून घेतात.

लेख येण्याआधी बातमी दिली किंवा फेसबुकवर फोटो टाकला तर?

टाकू नका. नामकरणात ज्याचा लेख आधी छापला जातो, त्याचं नाव टिकतं. तुमच्या फोटोवरून जागा ओळखून दुसरं कुणी आधी छापलं, तर दाद मागायला जागा नाही. प्रीप्रिंट, म्हणजे तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेला लेख, इतर शाखांत फार उपयोगी आहे. जीवशास्त्रात बायोआर्काइव्ह हे प्रीप्रिंटचं संकेतस्थळ २०१३ पासून चालतं. पण नव्या प्रजातीचं नाव मात्र प्रीप्रिंटमध्ये टाकू नये, गोंधळ होतो.

परदेशातल्या सहकाऱ्याला ऊतीचे नमुने पाठवू का?

राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी असल्याशिवाय नाही. ते चेन्नईत आहे. डीएनएचं काम आता आपल्याकडेच होतं, ते इथेच करा आणि डीएनएचा क्रम जेनबँक या खुल्या ऑनलाइन साठ्यात टाका. संगणकावरचा क्रम जगात कुणालाही वाचता येतो.

रिव्ह्यूअरचे (लेख तपासणाऱ्या तज्ज्ञाचे) ताशेरे वाचून धीर सुटला. आता?

पहिल्यांदा वाचा आणि दोन दिवस बाजूला ठेवा. मग प्रत्येक मुद्दा वेगळ्या कागदावर उतरवा आणि त्याखाली लिहा, काय बदललं, कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत. पटलं नसेल तर पुराव्यासह नम्रपणे तसं सांगा. गप्प बसून मुद्दा टाळलात, तर तो पुढच्या फेरीत पुन्हा येतोच.

आमच्या एका लेखावर रिव्ह्यूअरने एकच ओळ लिहिली होती. "नरांमध्ये छिद्रांची संख्या इतकी, असं तुम्ही म्हणता. प्रौढ नर किती पाहिले?" आम्ही पाहिला होता एक. विद्यार्थिनी रडकुंडीला आली होती, कारण तिला वाटलं वर्ष गेलं. आम्ही मुदत वाढवून मागितली, परवानगीचं नूतनीकरण केलं आणि पुढच्या पावसात त्याच सड्यावर सात रात्री काढल्या. आणखी चार नर मिळाले. ज्या संख्येवर आम्ही सगळा भर दिला होता, ती त्यातल्या दोघांत नव्हतीच. प्रजाती नवीच होती, पण तिची ओळख आम्ही चुकीच्या लक्षणावर उभी केली होती. तसाच छापला असता, तर पुढे दुसऱ्या गावातल्या त्याच पालीला कुणीतरी आणखी एक नवं नाव दिलं असतं. त्या अनोळखी माणसाचे आभार आम्ही लेखात मानले, आणि मनापासून मानले.

लेख नाकारला तर?

कारण वाचा, सुधारा, दुसरीकडे पाठवा. एका वेळी एकाच जर्नलकडे, हे मात्र पाळा. हान्स क्रेब्ज यांनी पेशींतल्या सायट्रिक आम्ल चक्राचा शोध १९३७ साली 'नेचर'कडे पाठवला. पत्रं आधीच पुरेशी जमली आहेत म्हणून तो परत आला. त्यांनी तो 'एन्झिमॉलॉजिया' या दुसऱ्या जर्नलला दिला. १९५३ साली त्यांना नोबेल मिळालं.

पीएचडी जमा करायची आहे, लेख लवकर हवा. काय करू?

आधी तुमच्या विद्यापीठाचे नियम वाचा. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी लेख छापलाच पाहिजे ही अट राहिलेली नाही. विद्यापीठ स्वतः ती ठेवू शकतं.

आमच्या महाविद्यालयात जर्नलं येत नाहीत. वाचायचं कसं?

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेखाली जानेवारी २०२५ पासून सरकारी संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं वाचता येतात. तुमची संस्था त्यात आहे का, ग्रंथपालांना विचारा. नसेल तर लेखकालाच पत्र लिहा. आपला लेख कुणी मागितला याचा लेखकाला आनंदच होतो.

छापून आल्यावर चूक सापडली तर?

लगेच संपादकाला कळवा. माझ्या एका लेखात तक्त्यातला रेखांश ७३ ऐवजी ७२ पडला. तीन लेखक, दोन रिव्ह्यूअर आणि प्रूफ तपासणारा, कुणाच्याच लक्षात आलं नाही. आठ महिन्यांनी परदेशातली एक संशोधक प्रसार-नकाशा बनवत होती. तिने लिहिलं, "तुमची पाल अरबी समुद्रात पडते आहे, बघता का?" मी त्याच संध्याकाळी मूळ वही काढली. पेन्सिलीने ७३ लिहिलं होतं. जर्नलने एका पानाची दुरुस्ती छापली आणि ती मूळ लेखाला जोडली. आता लेख उघडला की ती आधी दिसते. त्या संशोधकेला मी सड्याचा सकाळचा एक फोटो पाठवला.